१३२ गोषवारे, ४८ जागा

पत्राचा सारांश: जळगाव जिल्ह्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयातील सहायक प्राध्यापिका लिहितात की, खान्देशातली शेती, स्थलांतर आणि भाषा या विषयावर त्यांच्याकडे दोन दिवसांची राज्यस्तरीय परिषद आहे आणि संयोजनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आहे. परिषदेला दहा आठवडे उरले आहेत. गोषवारे, म्हणजे शोधनिबंधांचे छोटे सारांश, पाठवण्याची मुदत चार दिवसांपूर्वी संपली. १३२ गोषवारे आले, सादरीकरणाच्या जागा ४८. नंदुरबार जिल्ह्यातून फक्त सात आले. त्यातल्या तिघांच्या फाइली फाँटमुळे वाचताच येत नाहीत आणि दोन अर्धवट वाटतात. पुण्या-मुंबईहून आलेले मात्र नेटके आहेत. प्राचार्यांनी दहा-बारा नावे ‘यांना घ्यावेच लागेल’ म्हणून दिली आहेत. एक सहकारी म्हणतात, नावे झाका, गुण द्या, वरचे ४८ घ्या. दुसरे म्हणतात, आदिवासी, ग्रामीण आणि महिला संशोधकांसाठी जागा राखून ठेवा. पहिल्या मार्गाने तेच ते लोक येतील आणि दुसऱ्याने दर्जा घसरेल, अशी पत्रलेखिकेची भीती आहे. त्यात त्यांचे स्वतःचे दोन पीएच.डी.चे विद्यार्थीही अर्जदार आहेत.

प्रिय संयोजक,

‘दर्जा घसरेल’ हे तुम्ही गृहीत धरले आहे. आधी त्याबद्दलच बोलू, कारण बाकीची अडचण तिथूनच सुरू होते. तुमच्यापुढे १३२ संशोधने नाहीत, १३२ गोषवारे आहेत. तीनशे शब्दांचा गोषवारा बरेचदा लिहिणाऱ्याचा सराव दाखवतो. मोठ्या विद्यापीठाच्या विभागातला विद्यार्थी तो मार्गदर्शकाला दाखवतो, दोन सीनियर त्यावर हात फिरवतात, आधी निवडले गेलेले नमुने त्याच्याजवळ असतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याच्या एखाद्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारा माणूस तोच गोषवारा मोबाइलवर टाइप करतो आणि मुदतीच्या रात्री पाठवतो. त्याच्या वहीत ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या चाळीस कुटुंबांच्या मुलाखती असतील, पण गोषवाऱ्यात ‘स्थलांतर ही एक ज्वलंत समस्या आहे’ एवढेच उतरते, कारण गोषवारा असाच लिहायचा असतो असे त्याला वाटते. सफाईला गुण दिलेत तर दर्जा राखल्यासारखे वाटेल आणि ती चाळीस कुटुंबे परिषदेबाहेर राहतील.

दुसरे गृहीतक तुमच्या पहिल्या सहकाऱ्यांचे: गुण दिले की क्रम ठरतो. २०१४ साली निप्स या संगणकशास्त्रातल्या मोठ्या परिषदेने (आता तिला न्यूरिप्स म्हणतात) स्वतःवरच एक प्रयोग केला. १६६ शोधनिबंध दोन वेगळ्या समित्यांकडे एकमेकींना न कळता दिले. ४३ निबंधांबाबत दोघींचे निकाल उलटसुलट आले. मुळात निवडच थोड्यांची होणार असल्यामुळे, एका समितीने घेतलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त निबंध दुसरीने नाकारले होते. तिथले परीक्षक अनुभवी होते आणि वाचायला पूर्ण निबंध होते. तेव्हा तुमच्या यादीत ४७व्या आणि ५३व्या क्रमांकात जो अर्ध्या गुणाचा फरक दिसेल, तो बहुतेक वेळा फरक नसतोच. स्पष्ट चांगले वर येतात, स्पष्ट कच्चे खाली जातात आणि मधल्या मोठ्या पट्ट्यात कोण कुठे पडेल हे वाचणारा कोण होता यावर ठरते.

हे मान्य केले की दर्जा आणि समावेश यांतले भांडण बरेच निवळते. किमान दर्जाचा उंबरठा ओलांडलेल्यांतून परिषद कशी असावी हे ठरवणे हे संयोजकाचे कामच आहे, ती मेहेरबानी नव्हे.

आता तुमच्या १३२ कडे येऊ. नंदुरबारहून सातच गोषवारे आले आहेत. जे आलेच नाही ते कोणतीही निवडपद्धत निवडू शकत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला, मुदत दहा दिवसांनी वाढवा. ती सर्वांसाठी वाढवा आणि ज्यांनी वेळेत पाठवले त्यांनाही सुधारित गोषवारा पाठवण्याची मुभा द्या, म्हणजे वेळ पाळणाऱ्यावर अन्याय होणार नाही. पण नुसती नवी तारीख व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून भागणार नाही, कारण त्या ग्रुपवर तेच लोक आहेत. तळोदा, शहादा, नवापूर, धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, साक्री इथल्या महाविद्यालयांत प्राचार्यांना न गाठता विभागातल्या सर्वांत नव्या शिक्षकाला फोन करा. पंधरा-वीस फोन, दोन दुपारींचे काम. आश्रमशाळांतले शिक्षक, बोलीभाषांच्या नोंदी ठेवणारे कार्यकर्ते, जुनी कागदपत्रे जमवणारे लोक यांनाही कळवा. तुमच्या अर्जात ‘संस्था’ हा रकाना सक्तीचा असेल तर तो ऐच्छिक करा. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. १९२६च्या अखेरीस धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. ज्या भागात संशोधनाची परंपराच अशी विद्यापीठाबाहेर वाढली, तिथे संस्थेचा शिक्का नाही म्हणून कोणाचा अर्ज अडू नये.

फाँटची अडचण किरकोळ वाटते, पण सर्वांत जास्त अन्याय अशाच ठिकाणी, कोणाच्याही नकळत होतो. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर, तो फाँट तुमच्या संगणकावर नसेल तर, अगम्य चिन्हांची रांग म्हणून दिसतो. परीक्षक ‘वाचता येत नाही’ असा शेरा मारून शून्य देतात. त्या तिघांना फोन करून पीडीएफ मागवा, नाहीतर कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरे बिघडली नाहीत ना हे लिहिणाऱ्याकडून एकदा तपासून घ्या. गुगल फॉर्म वापरला असेल तर आणखी एक गोष्ट. फाइल जोडण्याचा रकाना ठेवला की भरणाऱ्याला गुगल खात्यातून आत यावेच लागते आणि नेटवर्क तुटक असलेल्या सातपुड्यातल्या गावात फाइल चढता चढता अडकते. त्याऐवजी मजकूर थेट रकान्यात लिहायची सोय द्या आणि ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर पाठवलेलाही स्वीकारा. हाताने लिहून फोटो पाठवला तरी चालेल, टाइप करून घेणे हे तुमच्या कार्यालयाचे तासाभराचे काम आहे.

वाढीव मुदतीसोबत अर्जाचा साचाही बदला. ‘३०० शब्दांत गोषवारा लिहा’ एवढीच सूचना दिली की जुने खेळाडू पुढे जातात. त्याऐवजी चार प्रश्न विचारा: तुम्ही नेमके काय शोधत आहात? त्यासाठी कोणती माहिती जमवली आहे, म्हणजे कुठली गावे, किती माणसे, कोणते कागद, कोणत्या काळातले? ती कशी तपासली? आतापर्यंत काय हाती लागले? प्रत्येकी साठ-सत्तर शब्द. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही चालतील. अहिराणीत किंवा भिलीत लिहिले तर सोबत चार ओळी मराठीत. या एका बदलाने ‘अर्धवट’ वाटणारे निम्मे गोषवारे पूर्ण होतात, कारण लोकांकडे माहिती असतेच, ती कुणी विचारलेली नसते.

मुदतवाढीनंतर साधारण दीडशे गोषवारे होतील असे धरू. प्रत्येक गोषवारा दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचा, म्हणजे ३०० वाचने. दहा परीक्षक असतील तर प्रत्येकी ३०. एकाला बारा मिनिटे धरली तर सहा तासांचे काम, आठ दिवसांत आरामात होते. तीनच ज्येष्ठांवर हे सोपवले तर प्रत्येकाला शंभर वाचावे लागतील आणि साठाव्यानंतर ते फक्त शीर्षक पाहतील. दहांपैकी निदान चार तुमच्या महाविद्यालयाबाहेरचे घ्या, त्यात धुळे आणि नंदुरबारचे असू द्या. अहिराणी आणि भिली-पावरी जाणणारे कोणीतरी असायलाच हवे, नाहीतर बोलीवरच्या कामाला ‘हे काही शास्त्रीय नाही’ असा शेरा मिळेल आणि तो शेरा चूक आहे हे ओळखणारे समितीत कोणी नसेल. सगळे विभागप्रमुख गोळा करू नका. नुकती पीएच.डी. झालेली माणसे जास्त काळजीपूर्वक वाचतात.

नावे झाकण्याबाबत तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे खरे आहे, ते नक्की करा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तेच निबंध नावे दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या अशा दोन्ही परीक्षकांना दिले होते. नावे दिसत होती त्यांनी नामवंत लेखक, वरच्या श्रेणीची विद्यापीठे आणि बड्या कंपन्या यांना झुकते माप दिले. झाकायचे काम परीक्षक नसलेल्या माणसाकडे द्या, ग्रंथपाल उत्तम. प्रत्येक गोषवाऱ्याला क्रमांक, ओळखीची माहिती वेगळ्या तक्त्यात. मजकुरातले ‘आमच्या महाविद्यालयाने केलेल्या सर्वेक्षणात’ असे शब्द काढावे लागतात. वर्ड फाइलच्या गुणधर्मात लेखकाचे नाव राहते, ते पुसावे लागते; सर्वांचा मजकूर एकाच साच्यात उतरवून पीडीएफ केले तर हा प्रश्न मिटतो आणि टाइपाच्या देखणेपणाचाही प्रभाव उरत नाही. तरीही खान्देशचे वर्तुळ लहान आहे. पावरी लोकगीतांवर कोण काम करते किंवा केळीच्या बाजारभावांवर कोण, हे विषय पाहताच कळते. म्हणून नियम असा करा की लेखक ओळखता आला किंवा तो आपला विद्यार्थी, सहकारी, गेल्या तीन वर्षांतला सहलेखक असेल, तर परीक्षकाने तो गोषवारा गुण न देता परत करायचा. झाकलेली नावे ओळखीचा पक्षपात कमी करतात, पण सरावाने आलेली सफाई झाकत नाहीत. त्यासाठी निकष लागतात.

निकष पाच पुरेत: प्रश्न स्पष्ट आहे का, पुरावा किती भक्कम आहे, पद्धत पुराव्याला साजेशी आहे का, नवे काही कळते का आणि परिषदेच्या विषयाशी संबंध. प्रत्येकी ० ते ४, एकूण २०. नुसते आकडे देऊ नका, आकड्याचा अर्थ लिहून द्या. पुराव्याचेच पाहा: कशाच्या आधारे लिहिले ते सांगितलेच नसेल तर ०, स्रोत सांगितला पण किती, कुठे, केव्हा हे नसेल तर २, गावे, संख्या, काळ आणि मर्यादाही सांगितल्या असतील तर ४. बहुतेक छापील गुणपत्रिकांत असणारा ‘भाषा व मांडणी’ हा रकाना काढून टाका. संदर्भांच्या संख्येलाही गुण नकोत, ज्याच्या महाविद्यालयाकडे जर्नलची वर्गणी नाही त्याची ती शिक्षा ठरते.

काम सुरू करण्यापूर्वी दहाही परीक्षकांना तेच पाच गोषवारे द्या आणि तासभर ऑनलाइन बसा. एकाच गोषवाऱ्याला कोणी ७ आणि कोणी १६ दिलेले दिसेल. त्यावर बोलणे झाले की पुढचे गुण जवळ येतात. ही बैठक वेळेचा अपव्यय वाटून सर्वांत आधी गळते, आणि मग महिन्याभराने वाद होतात. प्रत्येकाला फाइली वेगळ्या क्रमाने द्या, कारण शेवटच्या दहांना नेहमीच थकलेला परीक्षक मिळतो. दोघांच्या गुणांत ६ किंवा जास्त फरक पडला तर तिसऱ्याकडे पाठवा. शेवटी प्रत्येक परीक्षकाची सरासरी काढा. एकाची ९ आणि दुसऱ्याची १५ असेल तर कच्चे गुण सरळ मिळवू नका. प्रत्येकाच्या ३० मधला गोषवाऱ्याचा क्रम पाहा.

मग तीन गट करा. उंबरठा आधी लिहून ठेवा: २० पैकी किमान १० आणि पुराव्याला किमान २. त्याखालचे कोणीही, कोणाच्याही शिफारशीने, यादीत येणार नाही. तुमच्या ‘दर्जा’च्या भीतीला हे उत्तर आहे. दोन्ही परीक्षकांनी ठळकपणे वर ठेवलेले तीसेक थेट घ्या. उरलेल्या अठरा जागा मधल्या पट्ट्यातल्या चाळीस-पन्नास जणांतून भरायच्या. इथे नावांचा तक्ता उघडा आणि आधी जाहीर केलेले नियम लावा: एका संस्थेतून किंवा एका मार्गदर्शकाचे दोनपेक्षा जास्त नकोत, ज्या उपविषयात माणसे कमी आहेत त्यांना आधी, जिथून कमी निवड झाली त्या तालुक्यांना, पहिल्यांदाच सादर करणाऱ्यांना आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना प्राधान्य. तीस जणांत महिला किती आल्या हेही इथेच मोजा. एवढे करूनही बरोबरीचे उरले तर चिठ्ठ्या टाका. हे हलकेपणाचे नाही. न्यूझीलंडची आरोग्य संशोधन परिषद आणि ब्रिटिश अकादमी यांनी काही अनुदानांसाठी उंबरठा ओलांडलेल्यांत सोडत काढली आहे. खोटी अचूकता दाखवण्यापेक्षा ते प्रामाणिक आहे.

म्हणजे दुसऱ्या सहकाऱ्यांची राखीव जागांची सूचना मी नाकारतो का? नाही. नियम आधी जाहीर असतील आणि उंबरठा सर्वांना एकच असेल तर प्राधान्यात कमीपणा नाही. कमीपणा येतो तो निवडीनंतर गुपचूप दोन-चार नावे घुसवल्याने, कारण मग निवडलेल्यालाही आपण कशामुळे आलो हे कळत नाही. त्यासाठी जातीचे दाखले मागू नका. अर्जात ऐच्छिक रकाने ठेवा आणि ते परीक्षकांना दाखवू नका. आणि एक गोष्ट कृपा करून टाळा: सगळ्या आदिवासी संशोधकांना एका ‘आदिवासी सत्रा’त, दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटी बसवणे. स्थलांतरावरचा धडगावचा निबंध स्थलांतराच्या सत्रात, पुण्याच्या निबंधाशेजारी हवा. प्रश्न विचारले जातात ते अशाच शेजाराने.

प्राचार्यांच्या यादीबाबत थेट ‘नाही’ म्हणण्याची गरज नाही. त्यांच्यापुढे दोन याद्या ठेवा. निमंत्रित वक्ते आणि सत्राध्यक्ष ही एक यादी, तिच्यावर त्यांचा अधिकार आहे आणि कार्यक्रमपत्रिकेत ती ‘निमंत्रित’ म्हणूनच छापली जाईल. १२ सत्रांना १२ अध्यक्ष लागतातच, त्यांची बहुतेक माणसे तिथे मानाने बसतील. निवडीच्या ४८ जागा ही दुसरी यादी, ती गोषवाऱ्यावरच भरेल. हे बोलणे गुण हाती येण्यापूर्वी करा. निकालानंतर केले तर ते नियमाचे न राहता व्यक्तींचे होते. तुमच्या दोन विद्यार्थ्यांबाबतही तसेच: त्यांचे गोषवारे बाहेरच्या परीक्षकांकडे जातील, मधल्या पट्ट्यात आले तर त्या निर्णयाच्या वेळी तुम्ही बैठकीत नसाल आणि तशी इतिवृत्तात नोंद होईल. त्यांना अर्ज मागे घ्यायला लावू नका, त्यांचा काय दोष?

निवड झाली तरी माणूस व्यासपीठापर्यंत पोचला पाहिजे. नोंदणी शुल्क गोषवाऱ्यासोबत घेत असाल तर आजच थांबवा. पैसे भरलेल्या माणसाला नाकारणे जड जाते आणि निवड नावापुरती उरते. शुल्क निवडीनंतर घ्या आणि विद्यार्थी व तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना निम्म्याहून कमी ठेवा. या शिक्षकांचे त्या दोन दिवसांचे मानधनही बुडते हे ध्यानात असू द्या. निकाल किमान चार आठवडे आधी कळवा, म्हणजे रजा मंजूर होते आणि गाडीचे आरक्षण मिळते. मोलगी-धडगावकडून येणाऱ्याला घाट उतरून नंदुरबार गाठायचे आणि पुढे तापी मार्गाची गाडी धरायची असते. त्याला सकाळच्या पहिल्या सत्रात ठेवू नका आणि वसतिगृहात एका रात्रीची सोय करा. तारीख फाल्गुनात येत असेल तर होळी तपासा. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात आणि काठी गावच्या आदिवासी होळीच्या सुमारास सातपुड्यातली माणसे येणार नाहीत, आणि मग ‘निवडले होते, आलेच नाहीत’ असा ठपका त्यांच्यावरच येईल.

वेळेचे गणितही करून ठेवा. चार निबंध, प्रत्येकी पंधरा मिनिटे आणि पाच मिनिटे प्रश्न, असे नव्वद मिनिटांचे सत्र. दोन सभागृहे, दिवसाला तीन सत्रे, दोन दिवसांत बरोबर ४८ निबंध. यात कुठेही फट नाही. दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि सत्कार दोन तास चालले की कात्री शेवटच्या वक्त्याच्या पंधरा मिनिटांना लागते आणि शेवटचा वक्ता बहुधा विद्यार्थी असतो. उद्घाटन एका तासात संपेल असे प्राचार्यांकडून आधीच वदवून घ्या.

नाकारलेल्या शंभरेक जणांना दोन ओळी कारणासह लिहा. ‘दर्जा अपुरा’ असे नको. ‘किती कुटुंबांशी बोललात आणि कोणत्या वर्षी, हे आलेले नाही, ते घातल्यास निबंध उभा राहील’ असे लिहा. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत ‘लेखकाला एक सूचना’ हा रकाना ठेवला की हे काम आपोआप होते. दहा नावांची प्रतीक्षायादी क्रमाने ठेवा, ऐनवेळी चार-पाच जण गळतातच. जागा रिकामी झाली की त्याच क्रमाने बोलवा, तेव्हा पुन्हा चर्चा नको.

सगळे उरकल्यावर एक पानाचा हिशेब प्राचार्यांच्या सहीने संकेतस्थळावर टाका: कोणत्या जिल्ह्यातून किती आले, किती निवडले, महिला किती, प्रथमच सादर करणारे किती, निमंत्रित किती, परीक्षक कोण होते, चिठ्ठ्या कितींसाठी टाकल्या. गुणपत्रिका वर्षभर कार्यालयात ठेवा. कोणी विचारले तर त्याला त्याचे स्वतःचे गुण आणि शेरे दाखवता आले पाहिजेत, दुसऱ्याचे नाहीत.